डाव्या बाजूचा कान

४ जानेवारी

ताई,

अक्षर ओळखलंस का? माझं मलाच ओळखू येत नाहीये. गेल्या कित्येक वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलेलं नाही. फोनवर आपलं बोलणं म्हणजे तुझी तब्येत, माझी तब्येत, भावजींचा गुडघा, आणि लगेच "ठेवते, दूध उतू जातंय". म्हटलं, एकदा निवांत लिहावं.

इकडे सगळं ठीक. मुलगी कॉलेजात, बायको तिच्या कामात. ऑफिसात जरा ओढाताण चालू आहे. मोठ्या माणसांच्या त्या कागदी पॅन्टवर माझ्या नावाने कंपनीला पेटंट मिळालं होतं, ते तुला आठवत असेल. डायपरच तो, वापरून टाकून द्यायचा, पण चड्डीसारखा. त्याच्या बाजूच्या शिवणी उघडता येतात आणि पुन्हा तशाच बंद करता येतात. आता एका दुसऱ्या कंपनीने पेटंट कार्यालयात अर्ज केलाय की हे रद्द करा. त्यांचं म्हणणं, पॅन्ट आधीपासून होती, वेल्क्रो आधीपासून होतं, दोन्ही एकत्र आणायला काय मोठं डोकं लागतं? कुणालाही सहज सुचलं असतं. आणि सहज सुचण्यासारख्या गोष्टीवर पेटंट देत नाहीत, असा नियम आहे. मार्चअखेर तीन जणांच्या मंडळापुढे सुनावणी आहे. टिकेल पेटंट. तू काळजी करू नकोस.

लिहायचं कारण वेगळंच. आई तुझ्याकडे होती त्या तीन वर्षांतलं काय काय अजून घरात आहे? वस्तू, फोटो, वह्या, कपाटात राहून गेलेलं काही. असेल ते सगळं मला पाठवशील? मुलीला आजी नीट आठवत नाही. तिला दाखवावं म्हणतो.

तुझा
खुडबुड्या


१३ जानेवारी

खुडबुड्यास, ताईचे दोन आशीर्वाद आणि इतक्या वर्षांनी लिहिल्याबद्दल एक धपाटा.

पाकिटावर हाताने लिहिलेला पत्ता बघून हे म्हणाले, "कुणाच्या घरी लग्न निघालं?" मी म्हटलं, लग्न नाही, माझ्या भावाला पाझर फुटलाय. चार वेळा वाचलं मी ते पत्र. एकदा कामावर जाताना बसमध्येसुद्धा. शेजारची बाई डोकावत होती, तर तिलाही सांगितलं, घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून ठेवायचा म्हणून आईने याचं नाव खुडबुड्या पाडलं, आणि आता त्याच्या नावावर पेटंट आहे. तिने फार कौतुकाने बघितलं. बहुतेक उतरायचा थांबा जवळ आला होता म्हणून.

आईचं म्हणशील तर चष्मा आहे, कंगवा आहे, तिची निळी शाल मी वापरते. आणि माझी शिवणाची वही आहे. तुझ्या पेटंटचं वाचून ती काढलीच. अरे, मीही तेव्हा आईसाठी हाच उद्योग करत होते! तू आलास तेव्हा आईच्या अंगावर पाहिलीही असशील, दुकानातलीच वाटली असेल; मी कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलं नाही. दुकानातली पॅन्ट घालायची तर आधी पायजमा काढा, मोजे काढा, आईला धरून उभी करा. काढताना बाजूची शिवण टरकवायची, आणि आत कोरडं निघालं की धडधाकट पॅन्ट कचऱ्यात. मी बाजू कापून तिथे वेल्क्रो लावलं. लावलं म्हणजे काय, तीन महिने गेले त्यात. सुईच्या भोकांनी तो कागदी कपडा फाटायचा. चिकटवलं तर आई कुशीवर वळली की सुटायचं. खरखरीत बाजू आत आली की तिच्या मांडीवर ओरखडे. एकोणीस नमुने वाया गेले, वहीत सगळ्यांची चित्रं आहेत, तारखेसकट. विसावा जमला. मागून जुन्या बँडेजची पट्टी, दोन कडा एकमेकींवर चढवलेल्या, आणि खरखरीत बाजूचं तोंड बाहेर. लकव्याने तिची उजवी बाजू पार गेलेली, पण डाव्या हाताने ती ते स्वतः उघडायची. तेवढंच एक काम तिच्या हातात राहिलं होतं आणि ते ती कुणाला करू द्यायची नाही.

मग आमच्या शुश्रूषागृहातल्या मोठ्या सिस्टरांनी ते पाहिलं आणि वॉर्डासाठीही मागायला लागल्या. तेव्हापासून शिवणखोलीत दर आठवड्याला चादरी, उशांचे अभ्रे आणि ह्या पॅन्टी. तुझी बाजारात आली तेव्हा हे म्हणाले, "घरचाच धंदा दिसतोय." मी म्हटलं, छे, त्याचं मशीनवरचं काम, त्याला शिक्षण लागतं, माझं आपलं ठिगळ. पण एका आईची दोन पोरं एकाच गोष्टीवर डोकं चालवत बसली, याचं मला फार बरं वाटलं.

आज लिहायला बसलेच आहे तर एक सांगून टाकते. तू आला होतास ते चार दिवस आठवतात? बुधवारी मला कामावर जावंच लागलं आणि आईचं सगळं तुझ्या एकट्यावर पडलं. संध्याकाळी मी आले, तर आई म्हणाली, "नीट. केलं." दोन शब्द जुळवायला तिला किती वेळ लागायचा ते तू पाहिलंयस. तोवर तू फिरकला नव्हतास, याचा माझ्या मनात जो राग साठला होता तो त्या दोन शब्दांनी गेला. तुला बोलून दाखवलं नव्हतं.

वही शोधून, पुसून ठेवली आहे. पाठवते.

ताई


१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. काही गोष्टी घाईने विचारतो, राग मानू नकोस.

त्या वहीबद्दल कुणाला बोललीस का? भावजींखेरीज? वही रजिस्टर पोस्टाने माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव. ऑफिसच्या नको. प्रत काढून ठेवू नकोस. वॉर्डात ह्या पॅन्टी नक्की कधीपासून वापरतात? माझ्या अर्जाच्या आधीपासून म्हणजे निदान सहा-सात वर्षं झाली, बरोबर? बाहेरच्या लोकांनी, पेशंटच्या नातेवाइकांनी त्या बघितल्या असतील का? जुने नमुने पडून असतील तर काढून टाका. आणि सुनावणी होईपर्यंत ते शिवणं थांबव. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

फोनवर यातलं काही बोलू नकोस आणि ईमेल तर मुळीच नको. कंपनीच्या वकीलबाई माझे सगळे ईमेल, सगळे मेसेज गोळा करून समोरच्यांना देणार आहेत. तसं द्यावंच लागतं. हाताने लिहिलेल्या पत्राचं कुणाच्या लक्षात येत नाही.

तब्येतीला जप.

खुडबुड्या


२ फेब्रुवारी

खुडबुड्यास,

उशीर झाला. लिहायला हात उचलत नव्हता.

म्हणजे हाताने लिहायचं कारण ते होय. मी आपली बसमध्ये लोकांना सांगत सुटले होते.

शिवणं थांबवता यायचं नाही. वॉर्डात बावीस जण आहेत. दुकानातली तुमची पॅन्ट आमच्या शुश्रूषागृहाला परवडत नाही, आम्ही साधी घेतो आणि मी तिला शिवण लावते. थांबवलं तर त्या बावीस जणांना रोज दोन-दोन वेळा उभं करून उघडं करायचं. त्यातले सात उभे राहूच शकत नाहीत. त्यांना काय सांगू, माझ्या भावाची सुनावणी आहे?

परवा दोन माणसं आली होती, एक पुरुष आणि एक बाई. कुठल्याशा कंपनीकडून. इथे पूर्वी कुणी उघड-बंद होणाऱ्या पॅन्टी शिवायचं का, असं विचारत होती. सिस्टरांनी त्यांना वाटेला लावलं. तू घाबरू नकोस.

वही काही सापडत नाहीये. बघते.

बुधवारच्या दिवसाबद्दल मी इतकं लिहिलं, त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. घाईत राहिलं असेल.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

ती दोन माणसं समोरच्या कंपनीची. ती पुन्हा येतील. त्यांच्या हाती काही लागायच्या आत आपण काहीतरी केलं पाहिजे, म्हणून हे पत्र.

तुला सगळं स्पष्ट सांगतो. पेटंट गेलं तर कंपनी आमचा विभाग बंद करेल. माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत. आणि माझं म्हणशील तर या वयात, या शिक्क्यासकट मला कुणी दारात उभं करणार नाही. अर्ज करताना मी शपथेवर लिहून दिलं होतं की ही कल्पना माझी आहे.

सोबत एक प्रतिज्ञापत्र पाठवतोय. त्यात एवढंच आहे: "मी गेली सव्वीस वर्षं आजारी व वृद्ध व्यक्तींच्या कपड्यांचं शिवणकाम करत आहे. सोबतच्या आकृतीत दाखवलेली शिवण, हे उत्पादन बाजारात येण्याआधी मी कधी पाहिली नव्हती व मला ती सुचलीही नसती." वकीलबाईंना असेच साक्षीदार हवे आहेत. रोज हेच काम करणारी अनुभवी बाई जर म्हणते की मला सुचलं नसतं, तर समोरच्यांचा मुद्दाच संपतो. तुझं आडनाव वेगळं आहे. नातं कुणाच्या लक्षात येणार नाही. मी वकीलबाईंनाही सांगितलेलं नाही.

हे खोटं आहे असं मनात आणू नकोस. तूच लिहिलंस ना, माझं मशीनचं काम आणि तुझं ठिगळ? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझी वीस नगांची, माझी मिनिटाला पाचशेची. सही कर आणि पाठव. साक्षीदाराने आकृती पाहिलेली असावी लागते म्हणून तीही जोडली आहे. ती बघून ठेव, कुणी विचारलं तर.

आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, ताई.

खुडबुड्या


२४ फेब्रुवारी

खुडबुड्यास,

तुझा कागद आला त्याच दिवशी मी सही करणार होते. खरंच. पेन घेऊन बसले होते. तीस माणसं, तुझी नोकरी, मुलीचं कॉलेज. मनात म्हटलं, मला नसतं सुचलं असं लिहिल्याने माझं काय जातंय? लोक मला शिवणवाल्या मावशी म्हणतात, उद्याही तेच म्हणतील. सही करायच्या आधी तू म्हणालास म्हणून आकृती उघडली.

आकृती चार. पॅन्ट पसरून दाखवलेली. दोन्ही बाजूंना कडा एकमेकींवर चढवलेल्या, खरखरीत बाजूचं तोंड बाहेर. इथपर्यंत मी म्हटलं, ठीक आहे, तोही विचार करत करत इथेच पोचला. मग डावी बाजू बघितली. तिथे पट्टीच्या टोकाला बोटभर कापड मोकळं सोडलंय. चिमटीत धरून ओढायला. आम्ही शिवणखोलीत त्याला कान म्हणतो. उजव्या बाजूला कान नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, कान एकाच बाजूस ठेवला आहे, यंत्रावरील सोयीसाठी.

खुडबुड्या, तो कान डाव्या बाजूला आहे कारण आईचा उजवा हात चालत नव्हता. डावा हात उजव्या कुशीपर्यंत पोचायचा नाही. म्हणून उजवीकडे मी कान लावलाच नाही, उगाच अंगाखाली येऊन टोचला असता. जगात दुसऱ्या कुणाला तो कान तिथेच हवा असायचं काही कारण नाही. तू माझी पॅन्ट पुढ्यात ठेवून नक्कल केलीस, आणि करताना आईचं लुळं अंगही उतरवून घेतलंस. त्याला यंत्राची सोय म्हणालास.

कल्पना नेलीस याचं दुःख नाही रे. मागितली असतीस तर वहीसकट दिली असती, वर दोन नमुने शिवून दिले असते. मी तर तुझ्या हुशारीचं गावभर सांगत होते. तू मला ते सांगू दिलंस. आणि आता म्हणतोस, मला सुचलं नसतं असं शपथेवर लिहून दे.

माझंही एक खोटं आहे. त्या दोन माणसांना सिस्टरांनी नाही, मीच वाटेला लावलं. त्यांना म्हटलं, आम्ही इथे फक्त चादरी शिवतो. शेजारच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या, माझ्याच हातची पॅन्ट घालून. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाऊन गुडघ्यावर ओढून घेतला. तेव्हापासून मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववत नाही. वही हरवली हेही खोटंच. ती माझ्या उशाशी होती.

तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. त्याच्या मागे मी माझ्या भाषेत लिहिलंय: "मी सव्वीस वर्षं हे काम करते. ही शिवण मला सुचली. सहज सुचली नाही, एकोणीस वेळा चुकले. कान डाव्या बाजूला आहे, कारण माझ्या आईचा उजवा हात चालत नव्हता." त्याखाली सही आहे. वहीही सोबत आहे. प्रत काढलेली नाही, तू सांगितलं होतंस. समोरच्या कंपनीला मी काही देणार नाही, माझ्या भावाविरुद्ध मी दुसऱ्याच्या दारात जायची नाही. सगळं तुझ्या हातात देते. जाळायचं तर जाळ.

एवढं असूनही तुझ्यावर पुरतं रागावता येत नाही, याचाच राग येतो. सारखा तो बुधवार आड येतो. ज्याने आईचं सगळं स्वतःच्या हाताने केलं तो माणूस इतका वाईट असणार नाही, असं मन सांगत राहतं.

ताई


८ एप्रिल

खुडबुड्यास,

तारीख उलटून दहा दिवस झाले. पत्र नाही. फोन उचलत नाहीस. तुझ्या बायकोला लावला तर ती म्हणाली, घरी आहेत, बोलत नाहीत. घरी म्हणजे? ऑफिसला जात नाहीस का?

चिडलेली आहे मी, पण तू जेवतोस ना, ते कळव.

ताई


९ जून

ताई,

जेवतो. आधी तेवढं सांगतो, नाहीतर तू पुढचं वाचायची नाहीस.

वही मी महिनाभर घरातल्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली होती. तुझा कागदही. सुनावणीला निघताना दोन्ही बॅगेत घातलं. काय करणार हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. खोलीत एक लांब टेबल, पाण्याचे ग्लास, मंडळातली तीन माणसं, दोन्हीकडचे वकील. समोरच्या वकिलांनी सकाळभर वेल्क्रोच्या चपला आणि पिशव्या दाखवल्या. वकीलबाईंनी त्यांना चांगलं धुतलं. सगळं आमच्या बाजूने चाललं होतं. दुपारी मला शपथ दिली. समोरच्या वकिलांनी आकृती चार पुढे केली आणि सहज विचारलं, हा कान एकाच बाजूला का? त्यांना काही ठाऊक नव्हतं, ताई. नुसता खडा टाकून पाहिला होता. वकीलबाईंनी माझ्याकडून उत्तर घोटून घेतलं होतं, यंत्राची सोय. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, माझ्या आईचा उजवा हात चालत नव्हता. हे माझ्या बहिणीने बनवलंय. मग बॅग उघडली.

वकीलबाई खाली बसल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी कंपनीने मला घरी बसवलं. मागच्या आठवड्यात निकाल आला, पान जोडलंय. पेटंट रद्द. विभाग बंद होतोय. तीस जणांपैकी अकरांना दुसरीकडे घेतलंय, बाकीच्यांचं बघतायत. मला रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो. उचलत नाही.

हे सगळं आधी लिहू शकलो असतो. थांबलो ते दुसऱ्या गोष्टीसाठी. तू प्रत्येक पत्रात बुधवार काढतेस. मी उत्तर दिलं नाही. आज देतो.

तू गेल्यावर तासाभराने आईने खूण केली. मी हातमोजे घातले, नवी पॅन्ट आणली, चादर बाजूला केली आणि माझ्याच्याने पुढे काही होईना. माझी आई, ताई. मी तिथेच उभा. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग डाव्या हाताने चाचपून तो कान शोधला आणि चर्रकन शिवण उघडली. मी तोंड फिरवलं. नवी पॅन्ट तिच्या उशाशी ठेवली आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. ती तिने एका हाताने कशी चढवली, मला माहीत नाही. पाऊण तास लागला. आतून पलंगाचा आवाज येत होता. मी आत गेलो नाही.

आणि बाहेर उभा असताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? ती शिवण. एका हाताने उघडली, कपडा फाटला नाही, पुन्हा लागली. हे कुणी केलेलं नाही, एवढाच विचार. दुसऱ्या दिवशी तुझ्या कपाटातली एक काढून बॅगेत घातली. आईसारख्या माणसांसाठी करतोय, असं स्वतःला सांगितलं. सांगत राहिलो आणि खरंच वाटायला लागलं की मलाच सुचलं होतं.

मी काही नीट केलं नाही, ताई. काहीच केलं नाही. माफ करशील का, हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो.

खुडबुड्या


१८ जून

खुडबुड्यास,

निकालाचं पान मोठ्या सिस्टरांना वाचून दाखवलं. "सदर रचना आधीपासून उघडपणे वापरात होती, शिवाय या कामाशी रोज संबंध येणाऱ्या व्यक्तीस ती सहज सुचण्यासारखी आहे." त्या म्हणाल्या, "मावशी, यात तुम्हाला हुशार म्हटलंय की मठ्ठ?" दोघी हसलो. घरी आल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. सहज! आईच्या मांडीवरचे ओरखडे मला अजून दिसतात. हे म्हणाले, "तू तर नेहमी म्हणायचीस, त्यात काय मोठं." मी म्हटलं, मी म्हणेन, त्यांनी नाही म्हणायचं. पेटंटचा विषय माझ्यापुरता संपला. त्या अकरांमध्ये न बसलेल्या एकोणीस जणांचं मला वाईट वाटतं आणि तुझंही. फोन उचलत जा. त्यांना शिव्या देऊ दे.

आता बुधवार.

त्या संध्याकाळी आईची पॅन्ट वाकडी बसली होती. उजवीकडे सगळ्या सुरकुत्या. मी मनात म्हटलं, पहिल्यांदाच केलंय पोराने, शिकेल. सरळ करताना मला तुझं कौतुक वाटत होतं. आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, "नीट. केलं."

तिला दिवसाकाठी मोजके शब्द जमायचे. पाणी मागायला, दुखतंय सांगायला ते पुरायचे नाहीत. त्यातले दोन तिने तुझ्यावर पांघरूण घालायला वापरले. पाऊण तास एका हाताने झगडून दमलेली असताना. आणि मी सात वर्षं त्या दोन शब्दांच्या जिवावर तुला माफ करत आले. तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा आईवर रागावले. मेलेल्या माणसावर रागावून पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून दोन दिवस चादरी शिवत बसले.

तू खरं बोललास, तेही कुणी पकडलेलं नसताना. ते मला कळतं. पण तू ते तीन परक्या माणसांसमोर बोललास, आणि मला सांगायला त्यानंतर अडीच महिने घेतलेस. माफ करशील का म्हणतोस. पत्रातून नाही करता येत मला. मघाशी लिहून पाहिलं, खोडलं.

तू शनिवारी ये. सकाळी आठला, सरळ वॉर्डात. सिस्टरांना सांगून ठेवलंय. खिडकीजवळच्या पलंगावर एक म्हातारे मास्तर आहेत. त्यांचा डावा हात चालत नाही, म्हणून त्यांच्या पॅन्टचा कान मी उजवीकडे लावते. कान ते स्वतः उघडतात, तो त्यांना उघडू द्यायचा. बाकी सगळं तू करायचंस. हातमोजे तिथेच मिळतील. तोंड फिरवायचं नाही आणि दाराबाहेर जायचं नाही.

दुपारी मी त्यांना विचारीन, नीट केलं का. चाळीस वर्षं पेपर तपासलेत त्यांनी आणि तू त्यांचा कुणी लागत नाहीस. ते खरं तेच सांगतील.

ताई